मीटिंग वखारीत भरवली तेव्हा

हॉटेलवाल्याशी आमचं ठरलेलं होतं, किमान पंचवीस ताटं. १ जुलैला मी आमच्या गावच्या रोटरी क्लबचा अध्यक्ष झालो आणि दुसऱ्याच मीटिंगला जेवायला आम्ही सातजण होतो. यादीत सभासद ३८. उरलेल्या अठरा ताटांचे पैसे भरले ते भरले, पण वर्षभर हे असंच चालणार का, या विचाराने रात्री झोप लागेना.

आधी मी सगळे करतात तेच केलं. व्हॉट्सॲपवर आठवण, न येणाऱ्याला दंड, हजेरीचं बक्षीस. दोन महिन्यांत साताचे नऊ झाले.

मग ठरवलं, मेसेज बंद. प्रत्येकाच्या घरी किंवा दुकानी स्वतः जायचं, वर्गणीचा विषय काढायचा नाही. पहिले गेलो ते आमच्या सगळ्यांत जुन्या सभासदाकडे. निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. तीन वर्षं ते फिरकले नव्हते. चहा होईपर्यंत ते पल्स पोलिओच्या रविवारांबद्दलच बोलत होते. लसीची थंड पेटी खांद्याला अडकवून ते ऊसतोड कामगारांच्या खोपटांपर्यंत जायचे. देशातल्या शेवटच्या पोलिओ रुग्णाची तारीख त्यांना पाठ आहे, १३ जानेवारी २०११, हावडा. निघताना म्हणाले, "अध्यक्ष, तेव्हा काम होतं. आता जेवण आहे. जेवायला मी घरीच बरा."

हे वाक्य मी विसरू शकलो नाही. नंतर जिथे जिथे गेलो तिथे थोड्याफार फरकाने तेच ऐकलं. कुणी रागावलेलं नव्हतं. आपण आलो काय, न आलो काय, काही अडत नाही, एवढंच प्रत्येकाला कळून चुकलं होतं. आमच्या चार महिला सभासदांचं कारण तर अगदी साधं होतं. एक म्हणाल्या, "भाऊ, रात्री साडेआठला घरात वाढायचं की मीटिंगला यायचं?" इतकी वर्षं वेळ ठरवताना त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

२३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत रोटरीची पहिली बैठक झाली ती एका खाण अभियंत्याच्या ऑफिसात. वकील पॉल हॅरिस, एक कोळशाचे व्यापारी, एक शिंपी आणि ते स्वतः, असे चौघे. पुढे आळीपाळीने एकेकाच्या ऑफिसात बसायचे, म्हणून तर नाव रोटरी. हे मी भाषणांत कितीदा ऐकलं होतं! मग आपणही तेच का करू नये? २०१६ पासून महिन्यातून दोनच मीटिंगा घेतल्या तरी चालतं. हॉटेल सोडलं, वेळ संध्याकाळी सहाची केली, चहा आणि भेळ.

पहिली मीटिंग लाकडाच्या वखारीत. वखारवाले दोन वर्षं आले नव्हते. पण त्या दिवशी त्यांनी भुसा झाडून सतरंज्या अंथरल्या होत्या, कापायच्या यंत्राला हार घातला होता. सागवान आणि आकेशिया हाताने कसं ओळखायचं ते त्यांनी दाखवलं. लोक इतके प्रश्न विचारत होते की सव्वाआठ वाजले. उठता उठता कुणीतरी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मोडक्या बाकांचा विषय काढला. वखारवाले लगेच म्हणाले, "आणून टाका इथं." ३१ बाकं त्यांनी दुरुस्त करून दिली. त्याआधी आम्ही त्याच शाळेला चेक देऊन फोटो काढून आलो होतो.

सगळ्यात जास्त बदललं ते रक्तदान. आम्ही दर १५ ऑगस्टला एकच मोठं शिबिर घ्यायचो आणि बाटल्यांचा आकडा मिरवायचो. मीटिंग आमच्या पॅथॉलॉजिस्ट सभासदाच्या लॅबमध्ये झाली, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं की लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम ५. ऑगस्टचं रक्त मे महिन्यात कुणाच्या उपयोगाचं? मेमध्ये कॉलेजं बंद, वर ऊन आणि लग्नसराई, तुटवडा नेमका तेव्हाच. मग आम्ही दर तीन महिन्यांनी छोटं शिबिर ठेवलं. पुरुषांना दोन रक्तदानांत ९० दिवसांचं अंतर लागतं, बायकांना १२०, त्यामुळे कुणाची पाळी कधी, याची वही ठेवावी लागली. एका सभासदाकडे दहा रक्तदाते, त्यांना फोन त्यानेच करायचा. वही गुरुजींकडे. फोन राहिला की संध्याकाळी त्यांचा आवाज यायचाच.

सगळं जमलं असं नाही. दोघांनी राजीनामा दिला. त्यांना हॉटेलातलीच मीटिंग हवी होती, आणि मी त्यांना नीट समजावू शकलो नाही याची खंत आहे. पण मेच्या शिबिराला, भर उन्हात, २४ सभासद हजर होते.

३० जूनला मी पुढच्या अध्यक्षांना हिशेबासोबत आणखी एक वही दिली. एकेका सभासदाला एकेक पान, त्याला काय येतं आणि तो कधी मोकळा असतो ते लिहिलेलं. अकरा पानं अजून कोरी आहेत. त्यांच्याकडे जायचं राहून गेलं. पुढच्या रविवारी आम्ही दोघं मिळून निघणार आहोत.