पाऊस पडला नाही, मग बाग कशी बिघडली?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दर हंगामात कुणीतरी म्हणतंच, "नुसतं आभाळ आलं होतं, पाऊस कुठे झाला? मग द्राक्षाचं एवढं काय बिघडलं?" त्यात 'शेतकरी उगाच रडतात' हेही असतं, आणि ते लागतं.

डाऊनी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीसारखा रोग. त्याला पाऊसच लागतो असं नाही. पानावर पाण्याचा पातळ थर पुरतो, मग तो दवाचा का असेना. रात्रभर हवा दमट राहिली की जुन्या डागांच्या खालच्या बाजूला पांढरी बुरशी येते. सकाळी ऊन पडलं, वारा सुटला, तर तिचे बीजाणू सुकून मरतात. आभाळ भरलेलं आणि वारा पडलेला असला की जगतात. 20 ते 25 अंशांत दोन-तीन तास ओल मिळाली की पर्णरंध्रांतून, म्हणजे पानाच्या बारीक छिद्रांतून, आत शिरतात. म्हणून वेलींच्या मंडपाखाली गेल्यावर आधी कान द्यायचा. पानांची सळसळ नाही, थेंब टपटपतायत, लांबच्या वस्तीवरचा ब्लोअर (फवारणीचं यंत्र) स्पष्ट ऐकू येतोय, म्हणजे पानं लवकर वाळणार नाहीत. पाहुण्यांना हीच शांतता आवडते.

नोव्हेंबर 2009 आठवा. फयान वादळ आलं तेव्हा नाशिकच्या ऑक्टोबर छाटणीच्या, म्हणजे फळासाठी छाटलेल्या, कितीतरी बागा फुलोऱ्याच्या आसपास होत्या. लोक अजून त्या पावसाचंच बोलतात. पण पाऊस थांबला म्हणून घडावरची ओल जात नाही. फुलोऱ्यातला घड दाट पानांत अडकलेला असतो, फेलफुटी, म्हणजे घड नसलेल्या जादा फुटी, काढल्या नसतील तर आत हवाच जात नाही. कळ्या गळतात, देठ तपकिरी पडून वाकतो, घड कुजतो. पानावर तेलकट डाग दिसतो तेव्हा लागण होऊन पाच-सहा दिवस गेलेले असतात. मग भारीतलं आंतरप्रवाही, म्हणजे वेलीत भिनणारं, औषध मारा, गेलेला घड परत येत नाही.

"औषध मारलं होतं ना?" मारलेलं असतं. पण मॅन्कोझेबसारखं बुरशीनाशक पानाच्या वरच राहतं, आणि फुटीला सारखं नवं पान येतं. त्यावर कालचं औषध नसतं. चिखलात ट्रॅक्टर रुततो, ओल्या पानावरून फवारा ओघळून जातो, म्हणून मग औषधाच्या भुकटीची धुरळणी.

काही फवारण्या भीतीपोटी होतात, हेही खरं. त्यावर उपाय म्हणून मीच सांगत आलो: संशयाचं पान ओल्या कागदासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी डागाखाली पांढरं आलं तर डाऊनी जिवंत आहे, मगच फवारा. पण फुलोऱ्यात एक रात्र थांबायला कुणाला सांगू? मणी वाटाण्याएवढे झाल्यावर सांगतो, तेव्हा मण्यांना फारसा धोका उरत नाही. त्याआधीच्या दिवसांत थांबावं की मारावं, यावर माझं आणि माझंच अजून जमलेलं नाही.