नैऋत्येचा बांध: चर आतल्या बाजूला निघाला!

मंडळी, आपल्या जुन्या रानाच्या हद्दीचा, म्हणजे तिथल्या मातीच्या बांधाचा आणि चराचा, नैऋत्येचा छेद (बांध-चराची आडवी मोजणी) अखेर मोजून झाला आणि सगळं गणित फिरलं. चर आतल्या बाजूला आहे!

उत्तर आणि पूर्वेच्या हद्दीचे छेद तुम्ही आधी पाहिलेत. बाहेर चर, आत बांध, दोन्ही मिळून नऊ मीटरच्या आसपास. सफोकमधल्या (पूर्व इंग्लंड) मध्ययुगीन रानाची हद्द अशीच असते, कारण तोडलेल्या खुंटांचे कोवळे फुटवे बाहेरच्या गुरांपासून वाचवायचे असतात. हरणं राखायला कुंपण घातलेल्या पार्कचं उलट: चर आत आणि बांधावर ओकच्या फळ्यांचं कुंपण, म्हणजे आतल्या हरणाला बाहेर उडी घेता येत नाही. मग एकाच रानाला दोन्ही कसे?

लायडारने (विमानातून लेझरने केलेल्या जमिनीच्या मोजणीने) नेमका इथेच दगा दिला होता. इंग्लंडच्या सरकारी एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचा एक मीटरचा डीटीएम (झाडी वगळून उघड्या जमिनीच्या उंचीचा नकाशा) फुकट मिळतो आणि उत्तम आहे, पण या कोपऱ्यात काटेरी झुडपं इतकी दाट की झाडी गाळणाऱ्या फिल्टरने तो पट्टा जवळजवळ सपाटच केलाय. त्यात हा बांध वायव्येकडून आग्नेयेला जातो. नेहमीच्या हिलशेडमध्ये (एका बाजूने उजेड पाडून उंचसखल दाखवणाऱ्या चित्रात) उजेड वायव्येचाच, आणि उजेडाला समांतर गेलेली रेघ त्यात हरवते. आरव्हीटी या सॉफ्टवेअरमधून स्काय-व्ह्यू फॅक्टर (प्रत्येक जागेवरून किती आकाश दिसतं ते) काढल्यावर कुठे पुसट खूण दिसली. शेवटी डंपी लेव्हल (उंची मोजायची साधी दुर्बीण) आणि स्टाफ (मापाची उभी पट्टी) हेच कामी आले. झाडीखाली मोबाइलच्या जीपीएसवर अजिबात विसंबू नका. जुनी सेकंडहँड डंपी घ्या. चरातला पाला बाजूला केल्यावर खाली चिकट, राखाडी चिकणमाती लागली आणि स्टाफवर उतार स्पष्ट वाचता आला: बांधाच्या माथ्यापासून चराच्या तळापर्यंत सत्तर सेंटिमीटर, तेही रानाच्या बाजूला. फार आनंद झाला!

पार्कची हद्द म्हणून नोंद करणार होतो, पण हे लिहितानाच दुसरी शक्यता सुचली. पार्कमध्येही कॉपिसचे (जमिनीलगत तोडून पुन्हा फुटू दिलेल्या झाडांचे) तुकडे बांध घालून वेगळे ठेवत. इंग्लंडच्या १५४३च्या कायद्याने तर १४ वर्षांच्या आतलं कॉपिस तोडलं की ४ वर्षं बंदिस्त ठेवणं आणि एकरी १२ झाडं उभी सोडणं सक्तीचं केलं. अशा बांधाचा चर हरणांच्या मोकळ्या कुरणाकडे असणार. म्हणजे आपण ज्याला ‘आत’ म्हणतोय ते कुरण, आणि जुनं कॉपिस बाहेर, आज जिथे गव्हाचं शेत आहे तिथे! शिवाय रानाच्या आतल्या या नैऋत्य कोपऱ्यात हेझलचे (कॉपिसमधलं नेहमीचं झुडूप) जुने खुंट जवळपास नाहीत, ऑक्सलिपही (जुन्या रानातलं पिवळं फूल) नाही. उलट दोन बुटके, जाडजूड ओक आहेत, माणसाच्या डोक्याच्या वर छाटलेले, म्हणजे पोलार्ड; फुटवे जनावरांच्या तोंडी लागू नयेत म्हणून कुरणात झाडं अशी छाटत.

त्यामुळे पीडीएएल या सॉफ्टवेअरने लायडारचा पॉइंट क्लाउड (मोजलेल्या बिंदूंचा संच) पुन्हा गाळायचं काम तूर्त बाजूला. आधी बांधाच्या दोन्ही टोकांपासून खुंट आणि पोलार्डचा नकाशा करतो, आणि १८४०च्या सुमाराच्या टाइद नकाशात (चर्चच्या कराच्या आकारणीसाठी केलेल्या शेतांच्या नकाशात) त्या गव्हाच्या शेताच्या नावात जुन्या रानाची खूण आहे का ते बघतो.

एक मदत हवी: मोडून पुन्हा खालून फुटलेला पोलार्ड आणि मुळातला खुंट यांतला फरक तुम्ही कशावरून ओळखता? फोटो असतील तर बुंध्याचे, जमिनीलगतचे टाका.