चार महिने खाल्ले

स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियानात मी छोट्या क्लबांमधे साउंडचं काम करतो. त्या दिवशी कागदावर लिहिलेलं, एक माणूस, एक गिटार. म्हटलं दोनच चॅनल, अर्ध्या तासात साउंडचेक उरकतो आणि निवांत जेवतो.

माणूस बॉस्नियातल्या तुझलाचा. तिथलाच दामिर अवदिच, ज्याला बॉस्नियन सायको म्हणतात, तो एकट्याने इलेक्ट्रिक गिटार घेऊन गाण्यापेक्षा बोलतोच जास्त, हाही त्याच जातकुळीतला. मला आपलं वाटलं कविता आहे म्हणजे जरा रिव्हर्ब हवा, आवाज घुमल्यासारखा. तर हा माइकवरूनच, "मायस्तोरे, मला हमामात नको उभं करू." मायस्तोरे म्हणजे आपलं मिस्त्री!

रिव्हर्ब काढला, पण त्याने गिटारचा अँप्लिफायर एवढा मोठा ठेवलेला की माइकमधे पण गिटारच घुसत होती, मग मी शहाणपणा करून नॉइज गेट लावला, म्हणजे मोठ्याने बोलला तर माइक चालू, नाहीतर आपोआप बंद. साउंडचेकला तो ओरडतच होता त्यामुळे काही कळलं नाही.

शोमधे विषय आला 2014 च्या फेब्रुवारीचा. बारवरची मुलगी तिकडचीच, ती माझ्या कानात सांगत होती, की खासगीकरणात कारखाने बुडवले, दिता नावाचा डिटर्जंटचा कारखाना पण त्यातलाच, पगार थकले म्हणून कामगार रस्त्यावर आले आणि 7 तारखेला तुझलाच्या कॅन्टन, म्हणजे प्रांताच्या, सरकारची बिल्डिंग पेटली. गिटारवर एकच कॉर्ड, खरवडल्यासारखी, बराच वेळ. आणि मग त्याने तळहाताने तारा दाबल्या, एकदम शांतता, आणि हळूच काहीतरी बोलायला लागला.

ओठ हलतायत, आवाज नाही. पुढचे लोक मागे वळून माझ्याकडे बघायला लागले तेव्हा माझी ट्यूब पेटली. गेट काढला तर ऐकू आलं, "माय... युनी... युली..." पूर्ण शोमधे भाषांतराशिवाय कळलेलं हे पहिलंच. मे, जून, जुलै, पगार न झालेले महिने मोजत होता तो, एकेका महिन्यानंतर श्वास घेत, आणि डिसेंबर संपला की परत यानुआरपासून.

नंतर केबल गुंडाळताना सॉरी म्हटलं. तो गिटार पुसत होता, वर न बघताच म्हणाला, "चार महिने खाल्लेस मायस्तोरे, मालकच शोभतोस."