तुम्ही विचारलंत म्हणून: कॉपी-पेस्ट असताना आरसिंक कशाला?

‘माउसने फोल्डर ओढला की झालं, तुम्ही टर्मिनल उघडून कमांड का लिहीत बसता?’ हे मला नवशिके विचारतात आणि मुरलेलेही. दोन-चार फाइली पेन ड्राइव्हवर टाकून द्यायच्या असतील तर मीही माउसच वापरते, त्यात कमीपणा कसला? पण फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर, वर्षानुवर्षांचे फोटो आणि कागदपत्रं असा सगळा पसारा एका डिस्कवरून दुसरीवर न्यायचा असेल, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा न्यायचा असेल, तर मी आरसिंक वापरते, म्हणजे दोन्हीकडचे फोल्डर ताडून राहिलेलं तेवढंच कॉपी करणारी कमांड. (विंडोजवर रोबोकॉपी. तिचं शेवटी सांगते.)

कारण वेगाचं नाही, आधीच सांगून टाकते. कारण असं की ओढाओढी मध्येच थांबली तर पुढे काय करायचं ते कुणालाच माहीत नसतं. केबल निसटली, लॅपटॉप झोपला, एखादी फाइल वाचताच आली नाही. आता किती गेल्या, किती राहिल्या? पुन्हा ओढलं की खिडकी विचारते, ‘ही फाइल आधीच आहे, बदलू की सोडू?’ हजारो फाइलींसाठी या प्रश्नाचं विचारपूर्वक उत्तर कोण देणार? सगळे ‘सर्वांसाठी हेच’वर टिचकी मारतात आणि देवावर हवाला ठेवतात. आरसिंकला तीच कमांड पुन्हा द्यायची. पोचलेलं ती सोडते, राहिलेलं नेते. शिवाय येणारी फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहिली जाते आणि पूर्ण झाल्यावरच तिला खरं नाव मिळतं. त्यामुळे अर्धवट फाइल पूर्ण असल्याचा आव आणून बसत नाही.

‘पोचलेलं’ हे तिला कसं कळतं, हा यातला कळीचा भाग. ती फाइल उघडून बघत नाही. आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ, एवढंच दोन्हीकडे ताडून पाहते. दोन्ही जुळलं की पुढची फाइल. म्हणून लाखभर फाइलींचं झाडसुद्धा (म्हणजे फोल्डरात फोल्डर असा सगळा पसारा), फारसं काही बदललेलं नसेल तर, झटकन तपासून होतं.

पण सगळी भिस्त त्या वेळेवर असल्याने ती वेळ कॉपीबरोबर जायलाच हवी. नुसता ‘आर’ पर्याय (-r, कमांडपुढे लिहायची खूण) लावला तर फोल्डर आतपर्यंत कॉपी होतात, पण फाइलींवर आजची वेळ पडते. पुढच्या वेळी आरसिंकला सगळंच वेगळं दिसतं आणि सगळं पुन्हा निघतं. ‘दर वेळी पहिल्यापासून कॉपी होतंय हो’ या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं. ‘ए’ पर्याय लावा. त्यात वेळ, परवानग्या, मालकी, सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे नुसतं बोट दाखवणाऱ्या फाइली) सगळं येतं. (हार्ड लिंक, म्हणजे एकाच डेटाची दोन नावं, मात्र येत नाहीत, त्यांना मोठा ‘एच’ वेगळा लागतो.) ‘ए’ लावूनही तक्रार राहिली तर डिस्कचं फॉरमॅट बघा. फॅट३२वर बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांत नोंदली जाते, त्यामुळे एका सेकंदाचा फरक पडू शकतो. त्यावर ‘मॉडिफाय-विंडो’ पर्याय आहे, त्याला १ द्या.

याची उलटी बाजूही आहे. व्हेराक्रिप्ट या फाइली कुलूपबंद करणाऱ्या प्रोग्रामची कंटेनर फाइल (जिच्या पोटात त्या फाइली असतात) आत बदलली तरी तिचा आकार तोच राहतो, आणि मूळ सेटिंगप्रमाणे तो प्रोग्राम बदलाची वेळही जुनीच ठेवतो. आरसिंक तिच्याकडे बघून दर वेळी ‘काही बदल नाही’ म्हणत पुढे जाईल. अशा फाइलींसाठी ‘चेकसम’ (मजकुरावरून काढलेला तपासणीचा आकडा) पर्याय लावायचा. तो दोन्हीकडचा मजकूर वाचून ताडतो, म्हणून सगळ्या झाडाला लावला तर बराच वेळ खातो.

आता वेगाचं. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६मध्ये आरसिंक आणली ती संथ लाइनवरून मोठ्या फाइली पाठवण्यासाठी. घेणारं यंत्र आपल्याकडच्या जुन्या फाइलीचे तुकडे पाडून प्रत्येकाचे चेकसम पाठवतं. पाठवणारं नव्या फाइलीवर एकेक बाइट सरकत तेच तुकडे कुठे सापडतात ते शोधतं, आणि जे सापडत नाही तेवढंच पाठवतं. युक्ती झकास आहे, पण ती नेटवर्कसाठी. एकाच यंत्रावरच्या दोन डिस्कांमध्ये आरसिंक, मुद्दाम सांगितलं नाही तर, पूर्ण फाइलच लिहिते. तेव्हा यूएसबी डिस्कवरची पहिली कॉपी माउसपेक्षा वेगाने होईल अशी आशा धरू नका.

तिरक्या रेघेचं मात्र नीट लक्षात ठेवा. ‘फोटो’ हा फोल्डर ‘बॅकअप’ या फोल्डरात न्यायचा आहे असं धरा. मूळ म्हणून नुसतं ‘फोटो’ लिहिलं तर ‘बॅकअप’च्या आत ‘फोटो’ नावाचा फोल्डर तयार होतो. ‘फोटो/’ लिहिलं तर आतला माल थेट ‘बॅकअप’मध्ये ओतला जातो. एरवी हा नुसता पसारा. ‘डिलीट’ पर्याय लावलेला असेल तर ‘फोटो/’ लिहिल्यावर ‘बॅकअप’मधलं जे काही ‘फोटो’त नाही ते सगळं उडतं.

‘डिलीट’ लावू का, हे हमखास पुढे येतं. लावा, पण आधी ‘एन’ आणि ‘आय’ लावून कोरडी तालीम घ्या. ‘एन’मुळे प्रत्यक्षात काहीच होत नाही, ‘आय’मुळे काय होणार होतं त्याची यादी मिळते. ओळीत पुढे अधिकच्या चिन्हांची रांग दिसली तर फाइल नवी. टिंबांमध्ये ‘एस’ आणि ‘टी’ दिसले तर आकार आणि वेळ बदललेली. तारांकन आणि ‘डिलीटिंग’ दिसलं तर ती जाणार. मी फक्त या शेवटच्या ओळी वाचते. त्या अपेक्षेपेक्षा जास्त असतील तर बहुधा मूळ डिस्क माउंटच झालेली (यंत्राला जोडली गेलेली) नसते. रिकामा माउंट-फोल्डर (एरवी डिस्क जिथे दिसते तो) आरसिंकच्या लेखी रिकामं झाड असतं, आणि ती समोरचंही इमानाने रिकामं करते. रात्री आपोआप चालणाऱ्या कामाला ‘मॅक्स-डिलीट’ची मर्यादा घालावी ती यासाठीच.

आणि ‘डिलीट’ लावून केलेल्या हुबेहूब प्रतीला, म्हणजे आरशाला, बॅकअप समजू नका. चुकून उडवलेली फाइल पुढच्या फेरीत तिकडूनही उडते. जुनं परत मिळायला हवं असेल तर ‘लिंक-डेस्ट’ बघा. दर तारखेचा वेगळा फोल्डर होतो, न बदललेल्या फाइली हार्ड लिंकने जोडल्या जातात आणि जागा एकदाच खातात. अर्थात जागा एकच म्हणजे डेटाही एकच. डिस्कवर तो खराब झाला तर सगळ्या तारखांचा खराब.

रोबोकॉपी विंडोज व्हिस्टापासून विंडोजमध्येच येते. तिचा ‘एमआयआर’ म्हणजे डिलीटसकट आरसा, आणि तालमीसाठी ‘एल’. ती अडकून बसली असं वाटलं तर ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’चे आकडे बघा. काही सांगितलं नाही तर न उघडणाऱ्या एका फाइलीसाठी ती १० लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी ३० सेकंद थांबून. म्हणजे जवळजवळ वर्षभर. मी ‘आर’ला २ आणि ‘डब्ल्यू’ला ५ देते. काम संपल्यावर तिने १ हा कोड दिला तर घाबरू नका, त्याचा अर्थ फाइली कॉपी झाल्या. शेड्यूल केलेल्या स्क्रिप्टमध्ये ८ किंवा त्याहून मोठा कोड आला तरच बिघाड धरा.