पांढऱ्या निशाणाखालचं टपाल: अमेरिकन यादवीतल्या कैद्यांच्या पत्रांच्या वाटेवर

१ जून १८६१ रोजी दक्षिणेतल्या फुटून निघालेल्या राज्यांनी स्वतःचं पोस्टखातं चालवायला घेतलं आणि तो उन्हाळा सरायच्या आत उत्तर-दक्षिण यांच्यातलं नेहमीचं टपाल बंद पडलं. त्यानंतर युद्धकैद्यांच्या पत्रांना पलीकडे जायला मुख्यतः एकच वाट उरली. पांढरं निशाण लावलेल्या बोटी कैद्यांची देवाणघेवाण करायला जेम्स नदीतून जायच्या, त्यांच्यातूनच पत्रांच्या थैल्याही जायच्या. या पत्रांचे लिफाफे आज संग्राहक गोळा करतात. मीही करतो. या वेळी व्हर्जिनियात मुलीकडे राहायला गेलो तेव्हा ठरवलं की काही विकत घेण्याआधी ती वाट डोळ्यांनी बघायची.

मुळात मला ही गोडी लागली ती आपल्या नगरमुळे. नगरच्या छावणीत आधी बोअर युद्धातले आणि मग पहिल्या महायुद्धातले जर्मन कैदी होते, त्यांची तपासलेली पत्रं मी वर्षानुवर्षं जमवतोय. पण तिथे सरकार एक, पोस्ट एक. अमेरिकन यादवीत एकाच पत्राला दोन सरकारांची पोस्टखाती हाताळायची, आणि त्या दोघांमध्ये टपालाचा कसलाही करार नव्हता. त्यामुळे लिफाफा वाचायला शिकावं लागतं.

उत्तरेतल्या तुरुंगातून घरी लिहिणाऱ्या दक्षिणी कैद्याला साधारण एका पानाची मुभा असे. मजकूर घरगुतीच हवा, लिफाफा उघडाच द्यायचा. छावणीतला तपासनीस पत्र वाचून लिफाफ्यावर शिक्का मारी किंवा नुसती सही करी. उत्तरेच्या हद्दीसाठी ३ सेंटचं गुलाबी तिकीट, त्यावर वॉशिंग्टनचं चित्र. पलीकडच्या प्रवासासाठी दक्षिणेचं टपाल वेगळं: १ जुलै १८६२ पासून सरसकट १० सेंट, त्याआधी ५०० मैलांच्या आत ५ सेंट. कैद्याकडे दक्षिणेचं तिकीट कुठून असणार? कोणी नाणं घाले, बहुतेकांचं पत्र तसंच जाई आणि दक्षिणेच्या राजधानीत, रिचमंडला, त्यावर ‘ड्यू १०’ असा ठसा बसे. म्हणजे पैसे घरच्यांनी भरायचे. पुष्कळदा हे पत्र दुसऱ्या लिफाफ्यात घालून अदलाबदलीच्या ठिकाणी पाठवत. तिथे बाहेरचा लिफाफा फाडून टाकला जाई, म्हणून बाहेरचे लिफाफे आज फार दुर्मीळ आहेत.

वॉशिंग्टनमध्ये सुरुवात राष्ट्रीय पोस्टल म्युझियमपासून करा. युनियन स्टेशनला लागूनच आहे आणि प्रवेश फुकट आहे. तिकिटांच्या दालनात ओढून बाहेर काढायच्या उभ्या चौकटी आहेत. १८६१ची अमेरिकन तिकिटं आणि दक्षिणेची तिकिटं तिथे निवांत बघून घ्या. दक्षिणेची तिकिटं जवळजवळ सगळी बिनदात्यांची, म्हणजे कात्रीनं कापून लावलेली, हे एकदा डोळ्यात बसलं की पुढे विक्रेत्याच्या टेबलावर उपयोगी पडतं.

तिथून आम्ही गाडीनं फोर्ट मन्रोला गेलो. रस्ता मोकळा असला तर तीन-साडेतीन तास. हॅम्प्टनजवळच्या बोगद्याची कोंडी मात्र कुप्रसिद्ध आहे, शुक्रवारी दुपारी मुळीच निघू नका. चेसापीक उपसागराच्या तोंडाशी, ओल्ड पॉइंट कम्फर्ट नावाच्या टोकावर हा खंदकानं वेढलेला प्रचंड दगडी किल्ला आहे. व्हर्जिनिया फुटून निघालं तरी हा किल्ला युद्धभर उत्तरेच्याच ताब्यात राहिला, आणि म्हणूनच टपालाची अदलाबदल इथून चालली. किल्ल्याच्या तटातल्या कोठड्यांमध्ये म्युझियम आहे. मी सर्वांत जास्त वेळ काढला तो बाहेर, १८०२च्या दीपगृहापाशी. माझ्याकडच्या कागदावर छापलेल्या एका लिफाफ्याच्या फोटोत ‘ओल्ड पॉइंट कम्फर्ट’ असा गोल शिक्का होता. तो ज्या पोस्टातला, ते याच टोकावर. समोरच्या पाण्यातून बोटी जेम्स नदीकडे वळायच्या. इथे एक गोष्ट विसरू नये. १८६१ मध्ये गुलामीतून पळालेली माणसं याच किल्ल्यात आसऱ्याला आली आणि त्यांना परत पाठवायला उत्तरेच्या सेनापती बटलरनं नकार दिला. पुढे पकडलेल्या कृष्णवर्णी सैनिकांना दक्षिण बरोबरीनं सोडायला तयार झाली नाही, आणि १८६२च्या जुलैत झालेला कैद्यांच्या अदलाबदलीचा करार मोडण्यामागे हे मोठं कारण होतं. तुरुंग तुडुंब भरले ते त्यानंतर. आपल्या अल्बममधली १८६४ची पत्रं इतकी का आहेत, याचं उत्तर तिथे आहे.

दुसऱ्या दिवशी नदीच्या कडेनं वर सिटी पॉइंटला गेलो. आजचं नाव होपवेल, जेम्स आणि अ‍ॅपोमॅटॉक्स नद्यांचा संगम. १८६४च्या जूनमध्ये उत्तरेचा सेनापती ग्रँट यानं इथे तळ टाकेपर्यंत निशाणाच्या बोटी इथवर यायच्या, मग अदलाबदल जेम्स नदीवरच्याच एकेन्स लँडिंग या धक्क्याकडे सरकली. बघण्यासारखं थोडंच आहे, तासाभरात आटपतं.

रिचमंडला मात्र पूर्ण दिवस ठेवा. उत्तरेच्या पकडलेल्या अधिकाऱ्यांना ठेवलेल्या लिबी तुरुंगाची इमारत जागेवर नाही. १८८९ मध्ये ती विटा-तुळयांसकट शिकागोला हलवून तिचं म्युझियम केलं गेलं आणि काही वर्षांत तीही मोडली. जागेवर फक्त खुणेच्या पाट्या आहेत. बेल आइल बेट जसंच्या तसं आहे. उत्तरेचे साधे शिपाई या बेटावर तंबूंत, आणि कित्येक तर उघड्यावर, थंडीत राहिले. रॉबर्ट ली पुलाखाली टांगलेल्या पादचारी पुलावरून चालत जाता येतं, पैसे पडत नाहीत. उन्हाळ्यात पाण्याची बाटली आणि चांगले बूट हवेतच. पुलाजवळच ट्रेडेगरच्या जुन्या तोफांच्या कारखान्यात यादवी युद्धाचं म्युझियम आहे, त्याला तिकीट आहे आणि ते पैसे वसूल होतात.

परतताना मेरीलँडच्या टोकावरच्या पॉइंट लुकआउटला वळसा घातला. पोटोमॅक जिथे उपसागराला मिळते तिथे १८६३च्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर ही छावणी उभी राहिली आणि पन्नास हजारांहून अधिक दक्षिणी कैदी तिथून गेले. कैद्यांसाठी बराकी नव्हत्याच, सगळे तंबूंत. आता तिथे सरकारी उद्यान आहे, लोक मासे पकडायला येतात. वारा इतका झोंबतो की हिवाळ्यातले तंबू कसे असतील याची कल्पना करायला वेगळं काही वाचावं लागत नाही.

आता खरेदीबद्दल. वॉशिंग्टनजवळच्या एका तिकीट प्रदर्शनात मला पॉइंट लुकआउटचाच एक लिफाफा मिळाला. तळहाताएवढा, कडा मऊ पडलेल्या. डावीकडे ‘प्रिझनर्स लेटर, एक्झामिन्ड’ असा अंडाकृती ठसा, शाई फिकट निळी. कोपऱ्यात गुलाबी तिकीट, त्यावर ओल्ड पॉइंट कम्फर्टच्या शिक्क्याची अर्धी कड चढलेली. आणि आडवा, जरा वाकडा ‘ड्यू १०’. आत पत्र होतं. एकच पान, दोन्ही बाजूंनी बारीक अक्षर. तब्येत बरी आहे, तुमचं पत्र नाही, गव्हाची कापणी कोणी केली, धाकट्याला शाळेत घातलं का. छावणीबद्दल एक शब्द नाही, कारण तो लिहिलाच असता तर पत्र पुढे गेलं नसतं.

त्या विक्रेत्यानं विचारलं, पत्र नको असेल तर लिफाफा स्वस्तात देतो. हे मला मनापासून खटकलं. तिकिटांच्या संग्राहकांनी गेल्या शंभर वर्षांत हजारो लिफाफे त्यांच्या पत्रांपासून तोडले, कारण प्रदर्शनात पुढची बाजू दिसते. माझी विनंती एवढीच, की जोडी मिळाली तर ती फोडू नका. लिफाफा वाट सांगतो, माणूस पत्रात असतो. थोडे जास्त पैसे पडले तरी चालतील, त्याऐवजी एक लिफाफा कमी घ्या.

उत्तरेतल्या मोठ्या छावण्यांचे साधे लिफाफे, म्हणजे पॉइंट लुकआउट, फोर्ट डेलावेअर, कॅम्प चेस, जॉन्सन्स आयलंड यांचे, काहीशे डॉलरच्या आत मिळू शकतात. दोन्ही सरकारांची तिकिटं एकत्र असलेला लिफाफा हजारांच्या घरात जातो, आणि फसवाफसवी तिथेच होते. खऱ्या लिफाफ्यावर मागाहून दक्षिणेचं तिकीट चिकटवायचं ही जुनी युक्ती. म्हणून रद्द करण्याचा शिक्का तिकिटावरून कागदावर अखंड उतरलाय का, शाई दोन्हीकडे सारखी आहे का, हे भिंगातून बघा. तपासायला एक छोटा अतिनील टॉर्चही खिशात असू द्या. मग तारखा जुळवा: न्यूयॉर्क राज्यातली एल्मायराची छावणी १८६४च्या जुलैत सुरू झाली, तेव्हा तिचा शिक्का त्याआधीच्या तारखेसोबत दिसला तर टेबल सोडा. मोठी खरेदी असेल तर न्यूयॉर्कच्या फिलाटेलिक फाउंडेशनचा किंवा अमेरिकन फिलाटेलिक सोसायटीचा दाखला आहे का ते विचारा. नसेल तर दाखला मिळेपर्यंत परत करण्याची अट बिलावर लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

दक्षिणेतल्या तुरुंगांची पत्रं कमी मिळतात. लिबीची त्यातल्या त्यात दिसतात, कारण तिथे अधिकारी होते, लिहिणारे आणि ज्यांची पत्रं घरी जपली जातील असे. अँडरसनव्हिलमधली पत्रं अगदीच विरळ. तिथे सुमारे ४५,००० कैदी होते आणि जवळजवळ १३,००० मेले. पकडलेल्या कृष्णवर्णी सैनिकाचं पत्र तर माझ्या पाहण्यात आजवर आलेलं नाही. बाजारात जे मिळतं त्यावरून तुरुंगात कोण होतं हे ठरवू नये.

लिफाफा घेतल्यावर नाव शोधा. नॅशनल पार्क सर्व्हिसची सैनिकांची यादी इंटरनेटवर फुकट आहे. दक्षिणी कैद्यांच्या नोंदी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात मायक्रोफिल्मवर आहेत, एम ५९८ हा क्रमांक लिहून ठेवा. तिथे संशोधकाचं कार्ड काढावं लागतं, आपला पासपोर्ट चालतो. कागदपत्रांच्या वाचनालयात पेन नेता येत नाही, पेन्सिलच. माझ्या कैद्याचं नाव रेजिमेंटसकट सापडलं तेव्हा पत्रातला धाकटा कोण, हेही शोधायची इच्छा झाली, ते काम अजून चालू आहे.

अभिलेखागारापासून चालत जाण्याच्या अंतरावर, सातव्या रस्त्यावर, युद्धात जखमींची सेवा करणाऱ्या क्लारा बार्टनचं कार्यालय आहे. युद्धानंतर बेपत्ता सैनिकांच्या घरच्यांची पत्रं तिच्याकडे यायची. ६३,००० हून अधिक पत्रं आली आणि २२,००० माणसांचं काय झालं ते तिनं कळवलं. अँडरसनव्हिलच्या मृतांची यादी गुपचूप उतरवून ठेवणारा कैदी डॉरेन्स ॲटवॉटर तिच्या मदतीला होता. कैद्यांची पत्रं बघणाऱ्यानं हे कार्यालय चुकवू नये. ते रोज उघडं नसतं, आधी वेळ बघून जा. जिना चढायची तयारी ठेवा.

अँडरसनव्हिल या फेरीत बसत नाही, ते जॉर्जियात आहे. तिथे स्मशानभूमी, छावणीची जागा आणि सर्व युद्धांतल्या अमेरिकन कैद्यांचं राष्ट्रीय म्युझियम आहे, प्रवेश फुकट. अटलांटा विमानतळावरून गाडीनं दोन-अडीच तास, मुक्काम जवळच्या अमेरिकस गावात करा, आणि मे ते सप्टेंबर टाळा, कारण मैदानात सावली फार थोडी आहे.