एकवीस इंचीची किरकिर थांबली

जुन्या बाजारातून उचललेल्या एकवीस इंची ट्यूबवाल्या टीव्ही सेटचा पॉवर सप्लाय अखेर ताळ्यावर आला. सेटची पिक्चर ट्यूब उत्तम, कॅबिनेटही धड. फक्त स्विच दाबला की लाल दिवा फडफडायचा आणि आतून बारीक किर्रर्र आवाज यायचा. विकणारा म्हणाला होता, "सप्लायचं किरकोळ काम आहे साहेब." त्या बाजारात सगळीच कामं किरकोळ असतात. मला सेट हवाय तो भाच्याच्या बंदुकीवाल्या जुन्या व्हिडिओ गेमसाठी. ती बंदूक ट्यूबवर प्रकाश नेमका कधी उमटतो ते टिपून नेम ठरवते, एलसीडीपुढे ती आंधळीच.

आतला एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) नेहमीचा, ताबा ठेवणारा यूसी ३८४२ आयसी आणि त्याच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा एक मॉसफेट. फ्यूज शाबूत होता, म्हणजे मॉसफेट आणि एसीचं डीसी करणारा ब्रिज बहुधा जिवंत. तरी पहिली जोडणी सिरीज लॅम्पवरच, म्हणजे मेन्सच्या वाटेत १०० वॅटचा बल्ब लावून. आत शॉर्ट असला तर तो बल्बच करंट अडवतो. त्याआधी डिगॉस कॉइलचा (पिक्चर ट्यूबचं चुंबकत्व घालवणारी कॉइल) प्लग काढून ठेवा. नाहीतर सुरुवातीला कॉइलच जोरदार करंट ओढते, बल्ब भगभगतो आणि आपण उगाच शॉर्ट शोधत बसतो.

मोठ्या फिल्टर कंडेन्सरवर ३१० व्होल्टच्या आसपास, ठीक. ते मोजताना मीटरची काळी प्रोब याच कंडेन्सरच्या निगेटिव्हला हवी. ही गरम बाजू आहे, म्हणजे थेट मेन्सला जोडलेली, ट्यूनरच्या पत्र्याला प्रोब लावून इथलं काहीच खरं दिसत नाही. बंद केल्यावर कंडेन्सर बल्बमधून रिकामा करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

आता किरकिरीकडे येतो, कारण अर्धं निदान तिच्यातच होतं. ३८४२ला सुरू व्हायला सातव्या पिनवर, म्हणजे त्याच्या पुरवठ्याच्या पिनवर, साधारण १६ व्होल्ट लागतात, १०च्या खाली गेलं की तो बंद पडतो. सुरुवातीचा करंट येतो स्टार्ट-अप रेझिस्टरमधून, जेमतेम दीड-दोन मिलिअँपिअर. चालू झाल्यावर आयसी आणि मॉसफेटचं गेट मिळून दहा-पंधरा खातात, ते त्या रेझिस्टरला झेपत नाही. ट्रान्सफॉर्मरचं छोटं वाइंडिंग पुरवठा हातात घेईपर्यंत सगळी मदार सातव्या पिनवरच्या ४७ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरवर. १५ मिलिअँपिअर धरले तर १६वरून १०वर यायला त्याला १९ मिलिसेकंद लागतात, तेवढ्यात सप्लाय उभा राहतो. तोच कंडेन्सर वाळून ६ मायक्रोचा झाला तर हातात उरतात अडीच मिलिसेकंद.

मग आयसी उठतो, पडतो, पुन्हा उठतो. पुढे कुठे शॉर्ट असेल तरी हेच होतं, म्हणून बरेच जण दोन्हींत गल्लत करतात. पण वेग बघा. कंडेन्सर चांगला असेल तर तो पुन्हा १०वरून १६वर चढायला वेळ घेतो, माझ्या सेटमधल्या रेझिस्टरच्या हिशोबाने सेकंदाला चार-पाच टिकटिक. वाळलेला कंडेन्सर क्षणात भरतो, क्षणात रिता होतो, आणि टिकटिकीची रातकिड्यासारखी किर्रर्र होते. ऐकूनच माझा संशय सातव्या पिनवर गेला होता.

संशय म्हणजे पुरावा नव्हे. बी-प्लसकडून (सप्लायचं मुख्य आउटपुट व्होल्टेज) एलओटीला (ट्यूबसाठी हाय व्होल्टेज बनवणारा ट्रान्सफॉर्मर) जाणारा जंपर उचलला आणि तिथे ६० वॅटचा बल्ब डमी लोड म्हणून लावला. किरकिर तशीच, म्हणजे एलओटी आणि त्याला चालवणारा होरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर संशयातून सुटले. (तो ट्रान्झिस्टर मोजताना बेस-एमिटरमध्ये कमी ओहम दिसले तर घाबरू नका, बऱ्याचदा आत रेझिस्टर आणि डॅम्पर डायोड असतात.) बी-प्लसवरचा संरक्षक झेनर डायोड शॉर्ट नाही, दुय्यम बाजूचे डायोडही ठीक.

सातव्या पिनला काट्याचा जुना मीटर लावला. डिजिटलवर आकडे नुसते नाचतात. काटा १२-१३च्या आसपास थरथरत राहिला, मध्येच कधी सोळाकडे झेपावला. मग बायकोचा हेअर ड्रायर आणला, तिच्या परवानगीने. सेट बंद करून त्या एका कंडेन्सरवर मिनिटभर गरम हवा सोडली आणि पुन्हा स्विच दाबला. किरकिर गायब, डमी बल्ब मंद पिवळा पेटला. वाळलेल्या इलेक्ट्रोलाइटला ऊब मिळाली की ईएसआर (कंडेन्सरचा आतला रोध) तात्पुरता उतरतो. काढून मोजला तर ६ मायक्रोच्या आत, ईएसआर २० ओहमच्या वर. बिचारा हीट सिंकला चिकटून बसलेला, दुसरं काय होणार होतं!

पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात, ४७ मायक्रो, ५० व्होल्टचा कंडेन्सर मागितला. दुकानदार म्हणाले, "मॉड्यूलच टाका ना, चार वायरी जोडल्या की झालं. कशाला डोकं लावताय?"

"डोकं लावायलाच तर आणलाय सेट," मी म्हटलं.

"मग १०५ डिग्रीवालाच न्या. ८५वाला परत वाळवाल."

माणूस बरोबर बोलला. युनिव्हर्सल मॉड्यूल, म्हणजे कुठल्याही सेटला चालणारा तयार सप्लाय, गिऱ्हाइकाचा सेट संध्याकाळपर्यंत द्यायचा असेल तर ठीक आहे. छंद म्हणून करणाऱ्याने ते टाकणं मला पटत नाही. अख्खा चालू सप्लाय उपटून फेकायचा, तोही एका कंडेन्सरपायी? आणि सगळे कंडेन्सर सरसकट बदला म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. सेट चालू होतो खरा, पण नेमकं काय गेलं होतं ते कधीच कळत नाही.

नवीन कंडेन्सर हीट सिंकपासून थोडा दूर वाकवून बसवला. एलओटी मात्र लगेच जोडला नाही. या सप्लायमध्ये व्होल्टेजची खबर त्याच छोट्या वाइंडिंगवरून घेतली जाते, तिथे गडबड उरली तर बी-प्लस वर पळतो आणि होरिझॉन्टल ट्रान्झिस्टर जातो. डमी बल्बवर बी-प्लस ११४ दिसला, बोर्डावर ११० छापलंय. प्रीसेट हळूच फिरवून ११०वर आणला, अर्धा तास जागचा हलला नाही. मग जंपर परत, सिरीज लॅम्प बाजूला, डिगॉसचा प्लग जागेवर. स्विच दाबल्यावर डिगॉसचा तो ओळखीचा 'धुंग' आणि मागोमाग एचटीचा (ट्यूबच्या हाय व्होल्टेजचा) सरसराट. सेट-टॉप बॉक्सवरून चित्र आलं, रंग झकास.

वरच्या दोन बोटं भागात चित्र मात्र दुमडतंय, पांढऱ्या रेघाही दिसतात. हा व्हर्टिकल आयसीच्या (चित्र वर-खाली पसरवणारा आयसी) पंप-अप कंडेन्सरचा नमुना वाटतो, १०० मायक्रो, ३५ व्होल्ट. तोही हीट सिंकच्या कुशीतच आहे. पुढच्या फेरीत तो बदलतो. तोवर कुणाकडे ३८४२वाल्या एकवीस इंची बोर्डाचा सर्किट डायग्राम असेल तर सांगा. व्हर्टिकलच्या पुरवठ्यातल्या फ्यूजिबल (जास्त करंट आला की फ्यूजसारखा तुटणाऱ्या) रेझिस्टरचे रंग जळून गेलेत, किंमत वाचता येत नाही.