तुम्ही विचारलंत म्हणून: "आता ती आपलीच झाली ना, मग तिचं मिझो कशाला जपता?"

लग्नात, भाजीच्या ठेल्यावर, गॅदरिंगला, कुठंही माझ्यासोबत लेक दिसली की दोन मिनिटांत हा प्रश्न येतोच. एवढीशी असताना मिझोराममधून दत्तक आणली, तिला काय आठवतं, मराठी फाडफाड बोलते, मग मुद्दाम आठवण कशाला द्यायची? विचारणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं हे मला माहीत आहे, म्हणून एकदा नीट सांगते.

2018 मध्ये 'कारा'च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, वेबसाइटवर आमचा नंबर लागला. राज्य निवडताना आम्ही 'कुठलंही चालेल' असं टाकलं होतं, आणि एक दिवस मिझोराममधल्या 14 महिन्यांच्या मुलीचा फोटो, तिचा रिपोर्ट, मेडिकलचे कागद असं सगळं आलं, हो म्हणायला 48 तास होते, आम्हाला 10 मिनिटं पण नाही लागली. (तेव्हा दत्तकाची ऑर्डर कोर्टातून मिळायची, 2022 पासून जिल्हाधिकारी देतात, कोणी विचार करत असेल तर सांगून ठेवते.)

पहिली दोन-तीन वर्षं आम्ही पण तुमच्यासारखंच म्हणायचो, आपलीच आहे, बस. मग 2020 आलं. लेक तीन वर्षांची, बागेत घसरगुंडीवर होती आणि एका बाईंनी स्वतःच्या मुलाला हात धरून ओढून नेलं, जाता जाता 'कोरोना' म्हणाल्या. लेकीला काही कळलं नाही, मी मात्र घरी येऊन खूप रडले. दोन वर्षांनी तान्ह्या पोळ्याला ती नऊवारी नेसून लाकडी बैल घेऊन उभी होती तर कोणीतरी हौसेने विचारलं, "ही नेपाळची का?" त्या रात्री तिने मला विचारलं, "आई, मी नेपाळची आहे?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आपण विसरलो तरी लोक तिला विसरू देणार नाहीत, रोज कोणी ना कोणी विचारणारच आहे. 2014 मध्ये दिल्लीत अरुणाचलचा एक कॉलेजचा मुलगा दिसण्यावरून चिडवल्यामुळे झालेल्या मारहाणीनंतर गेला, सरकारने ईशान्येकडच्या लोकांच्या अडचणी बघायला बेझबरुआ समिती नेमली, म्हणजे हे काही माझ्या मनाचे खेळ नाहीत. लोक विचारतील तेव्हा तिच्याकडे स्वतःचं उत्तर पाहिजे, आणि ते लाजून द्यायचं नसावं.

मग आम्ही काय केलं, तर ऑनलाइन एक पुआन मागवलं, मिझो बायका कमरेला गुंडाळतात ते हातमागाचं वस्त्र, आणि मस्त काचेच्या फ्रेममध्ये घालून हॉलमध्ये लावलं. शेजारी नकाशा. वाटलं झालं काम. इथे नागपुरात शिकायला आलेली एक मिझो मुलगी ओळखीतून घरी आली, तिने ती फ्रेम बघितली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "काकू, हे नेसायचं असतं." त्याच संध्याकाळी फ्रेम उघडली. आता ते पुआन धुतलं जातं, त्यावर वरणाचे डाग पण आहेत.

ती मुलगी दर रविवारी यायला लागली. मिझोत मोठ्या भावंडाला 'ऊ' म्हणतात, तर लेक दार उघडून "ऊ आली, ऊ आली" ओरडायची आणि आमच्या सासूबाई आतून, "काहून ओ, शाळेतून आणली का? थांब, फणी आणतो!" आता त्या पण तिला ऊच म्हणतात. तिच्याकडून मी 'बाय' शिकले, पालेभाज्या उकडून करतात, तेल-तिखट जवळजवळ नाहीच, आमच्या सावजीच्या घराला पहिल्यांदा पचलं नाही. पण पावसाळ्यात कॉटन मार्केटमधून मी वास्ते आणले तर ऊ एकदम उडालीच, बांबूचे कोंब नागपुरात मिळतात हे तिला माहीत नव्हतं, आणि मिझो लोक ते खातात हे आम्हाला माहीत नव्हतं. सासूबाई भंडाऱ्याच्या, त्यांनी लहानपणापासून खाल्लेले. त्या दिवशी स्वयंपाकघरात कोणी कोणाला काय शिकवत होतं सांगता येणार नाही.

वर्षातून एकदा डान्स बसवून कल्चर होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तिच्यासारखं दिसणारं, तिच्यावर रागावणारं, तिची वेणी घालणारं मोठं माणूस पाहिजे. ते आम्ही दोघं होऊ शकत नाही, कितीही प्रेम केलं तरी, आणि हे मान्य करायला मला वेळ लागला.

जन्माच्या आईबद्दल पण विचारता तुम्ही. जे कागदावर आहे ते लेकीला तिच्या वयाला झेपेल तसं सांगितलंय. पुढे शोध घ्यायचा असेल तर नियमात सोय आहे, 18 नंतर ती स्वतः अर्ज करू शकते. फाइल कुठल्या कपाटात आहे ते तिला माहीत आहे.

2025 मध्ये ऐझॉलजवळच्या सायरंगपर्यंत रेल्वे पोचली तेव्हापासून तिच्या डोक्यात जायचंच आहे. ऊ आता शिक्षण संपवून परत गेलीये, स्टेशनवर घ्यायला येते म्हणाली. मिझोरामला जायला बाहेरच्या लोकांना इनर लाइन परमिट, म्हणजे सरकारी परवाना लागतो, मी परवा रात्री बसून तिघांचे फॉर्म भरत होते तर लेक मागे येऊन उभी राहिली, स्क्रीनवर स्वतःचं नाव वाचलं आणि म्हणाली, "मला पण लागतं? मी तर तिथलीच ना?"

मी लॅपटॉप बंद केला, तिला मांडीवर घेतलं आणि रात्रीच ऊला फोन लावला.